दाराबाहेरचा चहा

अल थुमामा, दोहा, १० जानेवारी २०२५

बबीता,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं तुला दिसेलच. दिसू दे.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुला मीच ब्लॉक केलंय, म्हणून आता कागद. आमच्या ड्रायव्हरच्या, बालाजीच्या हाती पाठवतेय. काल गाडीत बसता बसता तो मला म्हणाला, “ताई, वीस मिनिटांचा रस्ता, सख्खी बहीण, आणि पत्र? आमच्याकडं लोकं कोर्टात भांडतात, पण पायरीवर बोलतात तरी.” मी म्हटलं, तू गाडी चालव.

अभिनंदन. फोटो पाहिला. मी काही तुझं लिंक्डइन उघडून बघत बसत नाही, शहाजीच्या फोनवर दिसला. ‘रीजनल हेड’! मागं समुद्र, वेस्ट बेचे टॉवर, गळ्यात कंपनीचा निळा पट्टा आणि अंगावर मोरपिशी इरकल. ती इरकल माझी आहे, बबे. एका दिवसासाठी म्हणून नेली होतीस. आणि माझ्या नवऱ्यानं त्या फोटोला लाइक ठोकलेलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला कारणही कळलं नाही बिचाऱ्याला.

आई बार्शीहून आली ती थेट तुझ्याकडे उतरली. मी एअरपोर्टच्या शेजारी राहते, विमानं माझ्या डोक्यावरून जातात, पण बाईसाहेब गेल्या वेस्ट बेला. का, तर बबीचं घर हवेशीर आहे. आई काय तुझ्या एकटीची आहे का गं?

असो. कामाचं लिहिते. तुमच्या कंपनीची नोटीस सगळ्या कॅफेटेऱ्यांना गेलीय. एक फेब्रुवारीपासून ज्याला तुमच्या निळ्या पिशवीवाल्या अ‍ॅपवरून डिलिव्हरीच्या ऑर्डरी हव्यात, त्यानं बिलाचं मशीनसुद्धा तुमचंच ठेवायचं. मशीन फुकट. दुसऱ्या कुणाचं दिसलं की ऑर्डरी बंद. उरलेली दोन अ‍ॅप तुम्ही विकत घेऊन गुंडाळलीत, म्हणजे दोह्यात डिलिव्हरी आता तुम्हीच. मग माझं मशीन कोण ठेवेल? माझ्या मशीनमधलं सॉफ्टवेअर तेच आहे बरं का, जे तू माझ्या मागच्या खोलीत बसून लिहिलंस आणि मी उन्हातान्हात दुकानं पालथी घालून विकलं. तू सोडून गेलीस तरी मी ते चालवलं. आता एकेक दुकानदार फोन करतोय, “मॅडम, सॉरी, मशीन ले जाइए.” असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत आमचं खलास. धंदा गेला की व्हिसा गेला, आणि मग मी आणि शहाजी बार्शीला परत.

तू हे थांबवू शकतेस का, एवढंच विचारायचं होतं. जमत नसेल तर तसं सांग. मी काही रडत नाहीये.

सत्यभामा

ता. क. आईला सांग, मी मजेत आहे.


अल थुमामा, २४ जानेवारी

बबीताबाईसाहेब,

बालाजी परत आला तो डबा घेऊन. आईच्या हातचे धपाटे आणि शेंगाची चटणी. चिठ्ठी नाही. तोंडी निरोप, “ताईला म्हणावं माझ्या हातात नाही, वरून आलंय.” वरून! तू एवढी वर जाऊन बसलीस, तुझ्याही वर अजून कोण आहे? धपाटे मात्र मी खाल्ले. शहाजीला एकच दिला.

मग मीही गप्प बसले नाही. गौरी म्हणून नागपूरची एक वकील इथं लॉ फर्ममध्ये आहे, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ओळख झाली. ती म्हणाली, मंत्रालयात एक समिती आहे, एखादी कंपनी मक्तेदारीच्या जोरावर दुसऱ्यांची वाट अडवत असेल तर तिथं तक्रार करता येते. मी म्हटलं, झालं तर मग. घरी आले आणि एका बैठकीत अर्ज लिहून काढला. काय सांगू बबे, लिहिताना इतकं बरं वाटलं! अंगातली कणकण उतरावी तसं.

गौरीनं वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, ही तक्रार नाहीये. हे बहिणीबहिणीचं भांडण आहे. पानापानावर बबीता, बबीता. आणि यात साडी कशाला आलीय?”

मी म्हटलं, “साडी खरी आहे.”

“असेल. पण समितीला साडीशी घेणं नाही. मोठं असणं हा गुन्हा नाही, मशीन फुकट देणं हाही नाही. तुमचा धंदा बुडाला म्हणून त्यांना वाईट वाटेल, पण कायदा तुम्हाला वाचवायला नाहीये. तो स्पर्धा वाचवायला आहे. या एकाच कंपनीमुळे चहावाल्याचं काय बिघडलं, चहा पिणाऱ्याचं काय बिघडलं, ते आणा.”

“म्हणजे मी मेले तरी चालेल, चहा पिणारा जगला पाहिजे?”

“साधारण तसंच,” म्हणाली. वर हसते. तुझ्यासारखीच आहे, फटकळ.

तेव्हा तुझा गळ्यातला निळा पट्टा अजून सलामत आहे. खुशाल मिरव.

स.


अल थुमामा, २१ फेब्रुवारी

बबीता,

कमालभाईंकडे गेले होते. आपलं पहिलं मशीन ज्यांनी घेतलं ते रत्नागिरीचे कमालभाई. काउंटरवर आता तुमचं निळं मशीन. मला बघून माणूस ओशाळला. “बाय, रागावू नकोस. फुकट देतायत, वर ऑर्डरी देतायत. मी काय करणार सांग?” मी म्हटलं, रागावले नाही, फक्त मशीन बघू द्या.

बघितलं. बटण दाबलं की चर्रकन बिल बाहेर. अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून, एका कागदावर, एकही अक्षर तुटलेलं नाही. हेच बसवायला आपण दोघींनी किती डोकं फोडलं होतं. अरबी ओळ सरळ केली की आकडे उलटायचे, आकडे सरळ केले की आणखी कायतरी. शेवटी आपण दोन वेगळे कागद काढायला लागलो आणि गिऱ्हाइकं वैतागायची. तुझंच काम आहे हे, मी ओळखलं, बेरजेच्या खाली तू ती बारीक रेघ मारतेसच. माझ्याकडं असताना नाही जमलं आणि त्यांच्याकडं गेल्यावर जमलं? पोटात असं दुखलं म्हणून सांगू! मी ते बिल हातात घेऊन उभी, आणि कमालभाई विचारतायत, बाय, पाणी देऊ का.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली, हॉर्न वाजला. वेटर मुदस्सिर सवयीनं उठला आणि कमालभाईंनी त्याला हातानं खाली बसवलं. मी म्हटलं, अहो, गिऱ्हाईक आहे. त्यांनी काउंटरखालून तुमची दुसरी नोटीस काढली. ‘दुकानाच्या दाराबाहेर दिलेली प्रत्येक ऑर्डर ही डिलिव्हरी समजली जाईल आणि ती फक्त अ‍ॅपवरूनच घेता येईल.’

मी दोनदा वाचली. म्हणजे गाडीत नेऊन दिलेला करक चहासुद्धा डिलिव्हरी?

“हो ना,” कमालभाई म्हणाले. “पहिला आठवडा मी लक्ष दिलं नाही. पण मशीन त्यांचं. कुठला चहा टेबलावर गेला, कुठला नाही, सगळं त्यांना दिसतं. त्यांनी माझं दुकान अ‍ॅपवर पार तळाला टाकलं. बिर्याणीच्या ऑर्डरी बंद झाल्या. मग शेवटी मी कान पकडले.”

आणि मग मी तो तमाशा माझ्या डोळ्यांनी बघितला. गाडीतला माणूस दारासमोर गाडी उभी करून फोनवर चहा मागवतोय. त्यावर डिलिव्हरी चार्ज. मग कुठूनतरी तुमचा मोटरसायकलवाला आला, हेल्मेट घालूनच आत आला, काउंटरवरून चहा उचलला आणि समोरच्या गाडीत नेऊन दिला. मुदस्सिर दारात हात बांधून उभा. चहा दुपटीच्या वर महाग, आणि वर कोमट. तो माणूस काच खाली करून आमच्याकडं बघून ओरडला, “क्या मज़ाक है भाई?” ज्यांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप नाही, ते ट्रकवाले, टॅक्सीवाले नुसते हॉर्न मारून निघून जातात.

“आधी दुसरं अ‍ॅप होतं,” कमालभाई म्हणाले. “एकानं त्रास दिला की दुसरीकडं जायचो. आता कुठं जाऊ, बाय?”

हे तुमच्या परदेशातल्या हेड ऑफिसात कुणीतरी लिहिलं असणार, ज्यानं जन्मात गाडीत बसून करक प्यायला नाही. त्याला कुठून माहीत असणार की इथं चहासाठी कुणी गाडीतून उतरत नाही. त्याला मी माफ केलं. पण खाली सही तुझी आहे. तुला माहीत नव्हतं? शुक्रवारी सकाळी दुकानं फिरायला निघालो की आपण पहिला थांबा इथंच घ्यायचो. मी हॉर्न मारायचे, तू काच खाली करून मुदस्सिरला दोन बोटं दाखवायचीस आणि माझ्याच कपात बिस्किट बुडवायचीस, कारण तुझ्या कपात चुरा पडलेला तुला चालायचा नाही. सही करताना काही आठवलं नाही का गं तुला?

सत्यभामा


अल थुमामा, १९ मार्च

बबीता,

रमजान आहे, ऑफिसं लवकर बंद होतात, म्हणून अर्जाला वेळ लागला. आता तयार आहे. या खेपेला त्यात साडी नाही. गौरीनं हॉर्नची गोष्ट ऐकली आणि टेबलावर हात आपटला, “हेच ते! ताई, हेच पाहिजे होतं.” फुकटच्या मशीनचा दुकानदाराला फास कसा बसला, दुसरीकडं जायला वाट कशी उरली नाही आणि चहा पिणाऱ्याला भुर्दंड कसा पडला, सगळं एका ओळीत बसलं. कमालभाई सही देतायत. एशियन टाउनजवळचे आणखी काही दुकानदार देतो म्हणालेत, पुढं जाऊन कच खाल्ली नाही म्हणजे मिळवली.

त्यात तुझं नाव एकदाच आलंय, नोटिशीखालच्या सहीत. पण गौरीनं मला आडपडदा न ठेवता सांगितलं, “असं प्रकरण आलं की कंपनी काय म्हणते माहितीये? एका अधिकाऱ्याची चूक झाली, आम्ही तिला काढलं. बळी तुमच्या बहिणीचा जाणार.” नोटीस बिनसहीची जोडावी म्हटलं तर अर्ज लंगडा होतो, कंपनी म्हणेल हा कागद आमचा नाहीच.

हे आईला कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. बालाजीच असणार. काल तिचा फोन आला. “भामे, तू बबीच्या अन्नात माती कालवायला निघालीस? लहानपणापासून तुला तिचं चांगलं बघवलं नाही.”

मी म्हटलं, “आणि तू लहानपणापासून तिचंच चांगलं बघितलंस.”

तिनं फोन ठेवला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, उगीच कांदे चिरायला घेतले. शहाजी येऊन म्हणाला, एवढ्या कांद्याचं काय करणार आहोत आपण?

आता खरं लिहिते. अर्ज खरा आहे, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. तो नाही दिला तर माझा धंदा जाईल आणि कमालभाईंचंही कठीण आहे. पण तो देताना मला आनंद होणार आहे, बबे. तुझा तो पट्टा, ते समुद्राकडचं घर, आईचं तुझ्या गॅलरीत बसून भाजी निवडणं, हे सगळं हलेल याचा आनंद. मला तो आनंद नको आहे, पण तो येतोच. गेले काही दिवस मी तो अर्ज उघडते, तुझ्या नावापर्यंत येते आणि मिटते.

म्हणून प्रत सोबत पाठवतेय. नाव ठेवू की काढू, तू सांग. ईद झाली आणि ऑफिसं उघडली की मी तो देणार. तू गप्प बसलीस तर नाव आहे तसं राहील. हे धमकी म्हणून लिहिलेलं नाही. वाचून बघितलं तर धमकीच वाटतंय, पण आता दुसरा कागद घेत नाही.

भामा


अल थुमामा, १७ एप्रिल

बबे,

मी तुला काय विचारलं होतं? नाव ठेवू की काढू. एवढंच ना? माझ्यावर उपकार कर असं कुठं लिहिलं होतं?

तू गप्प राहिलीस, मी अर्ज दिला, आणि मला गौरीकडून कळतं की तू आपल्या पायांनी समितीपुढं गेलीस. तिथं सांगितलंस की हॉर्नचा चहा डिलिव्हरी नव्हे, हे मी हेड ऑफिसला बजावलं होतं, पण त्यांनी ‘सही करा, नाहीतर दुसरं कुणी करेल’ असं सांगितलं. आणि फुकटचं मशीन बाकीच्यांना हुसकावायलाच काढलंय, हे मीटिंगमध्ये बोललं गेलं होतं, हेही सांगितलंस. मग बाहेर आलीस आणि राजीनामा दिलास. हे शेवटचं मला बालाजीनं सांगितलं. बालाजीनं! गाडी धुता धुता.

बजावलं होतंस तर मला का नाही कळवलंस? डब्यात धपाट्यांच्या वर एक ओळ ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं?

आता सगळीकडं तुझी आरती चाललीय. गौरी म्हणते, “तुमची बहीण कसली धीट आहे हो!” कमालभाई म्हणतात, बबीताबायनं वाचवलं. शहाजीनं तर डोळे पुसले. मी उन्हात दुकानं हिंडले, ‘उद्या या, परवा या’ ऐकलं, अरबी भाषांतरासाठी त्या टायपिंगवाल्याच्या दारात बसले, आणि धीट कोण, तर तू. मेले, इथंही तूच पहिली.

मला तुझा हेवा वाटतोय. तू सगळं घालवून बसलीस तरी वाटतोय. असं कुठं असतं का? मला सोडून गेलीस तेव्हा एका शब्दानं सांगितलं नव्हतंस, आणि आता माझ्यापायी नोकरी सोडलीस तेव्हाही नाही सांगितलंस.

जेवतेस का नीट? आईला म्हणावं, बबीला बाहेरचं खाऊ देऊ नकोस.

भामा


अल थुमामा, १५ जून

बबे,

समितीचा अंतरिम निर्णय आला. दाराबाहेरचं कलम रद्द, आणि बिलाचं मशीन कुणाचं ठेवायचं ते दुकानदारानं ठरवायचं. बाकीची चौकशी चालू राहील, इन्शाल्ला. तुला गौरीनं कळवलं असेलच, पण मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं.

सुनावणीला मी होते. दुभाष्यानं हॉर्नची गोष्ट अरबीत सांगितली तेव्हा समितीतल्या एका साहेबांनी त्याला थांबवून पुन्हा विचारलं. मग ते तुमच्या, म्हणजे आता तुमच्या नाही, त्या कंपनीच्या वकिलाकडं वळून म्हणाले, गाडीत चहा आणून देणं बंद केलं तुम्ही? बाकीचे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटतं ते सगळे सकाळी तसाच चहा घेऊन आले होते. तू तिथं असायला हवी होतीस.

काही दुकानं परत आली. सगळी नाही. कमालभाईंकडं मी आमचं मशीन पिशवीत घालून मोठ्या हौसेनं गेले, तर निळं मशीन जागच्या जागी. म्हणाले, “बाय, खोटं कशाला बोलू? ह्याचं बिल लवकर निघतं. आता कुणाची जबरदस्ती नाही, माझ्या मर्जीनं ठेवलंय.” मी तशीच गौरीकडं गेले, म्हटलं हा कसला न्याय? ती म्हणते, “हाच. त्यांना आता तुम्हाला नाही म्हणता येतं, कंपनीलाही नाही म्हणता येतं. तुम्ही चांगलं मशीन करा, येतील.” म्हणजे मी सहा महिने जीव आटवला तो कमालभाईंनी मला मोकळेपणानं नाही म्हणावं यासाठी!

चांगलं मशीन करणारी माझ्याकडं कोण आहे? शहाजी तारा जोडतो. मी बोलते.

आता मुद्द्याचं. आई सांगत होती, तुला रियाधच्या एका बिलिंग कंपनीनं बोलावलंय. व्हिसा देतायत, घर देतायत, आणि तुला इथं थांबायला आता फार दिवस उरलेले नाहीत. त्या कंपनीचं सगळं मी शहाजीकडून शोधून घेतलं. मालकीण एक बाई आहे, तुझ्याच वयाची. फोटोत हसतेय. छान हसतेय, दात चांगले आहेत. मला ती बिलकूल आवडली नाही.

मी तुला ये म्हणून गळ घालणार नाही. मागची खोली तेवढीच आहे, तिथला एसी अजून खडखडतो, आणि ती बाई देईल त्याच्या निम्मा पगारसुद्धा मला देता येणार नाही. गौरीनं इतके महिने माझ्या डोक्यात एकच गोष्ट भरली, की ज्याला जिथं जायचंय तिथं त्याला जाता आलं पाहिजे, मधे कुणी दार अडवून उभं राहायचं नाही. कमालभाईंच्या बाबतीत मला ते पटलंय. दुकानदारांच्या बाबतीत पटलंय. तुझ्या बाबतीत नाही पटत. मी पुष्कळ प्रयत्न केला.

तिच्याकडं जाऊ नकोस, बबे. माझ्याकडं नाही आलीस तरी चालेल, पण तिच्याकडं जाऊ नकोस.

हे वरचं खोटं लिहिलंय. माझ्याकडं नाही आलीस तर चालणार नाही.

तुझी,
भामाताई